कामावर अपघात झाला तर भरपाई कशी मिळवायची: केस पेपरपासून रक्कम खात्यात पडेपर्यंत

‘पुरुष, वय ३०. घरी बाथरूममध्ये घसरून पडल्याने उजव्या हाताला इजा.’

पॉवर प्रेसवर, म्हणजे ठोका मारून पत्रा कापणाऱ्या मशीनवर काम करणाऱ्या एका कामगाराच्या केस पेपरवर हे वाक्य होतं. तीन बोटं मुळापासून गेली होती. बाथरूममध्ये घसरून कुणाची तीन बोटं एका रेषेत कापली जात नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण त्याला दवाखान्यात घेऊन गेला सुपरवायझर, त्याने जे सांगितलं ते डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि आमचा गडी तेव्हा धड शुद्धीत नव्हता. पुढे दाव्यात तेच एक वाक्य दीड वर्ष आडवं आलं.

कामगारांच्या बाजूने असे दावे लिहिण्यात आणि तारखांना बसण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. या विषयातला कायदा कामगाराकडे झुकलेला आहे, पण कागद मालकाच्या कपाटात असतात. चूक कोणाची होती याच्या वादात कायदा फारसा पडतच नाही. दावा अडकतो तो तीन प्रश्नांवर: अपघात कामावरच झाला का, पगार किती होता आणि कमाईची ताकद किती गेली. या तिन्हींची उत्तरं पहिल्या काही आठवड्यांतच कागदावर यायला हवीत. पुढची सगळी खटपट त्यासाठीच.

आधी कायदा कोणता ते बघा

जुना कायदा १९२३ चा. आधी त्याचं नाव कामगार नुकसानभरपाई कायदा होतं. २००९ च्या दुरुस्तीनंतर तो कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि हा विषय तिच्या सातव्या प्रकरणात गेला. अपघात ज्या दिवशी झाला, त्या दिवशी जो कायदा लागू होता तोच तुमच्या दाव्याला लागतो. दोन्हींची चौकट बरीचशी सारखी आहे. भरपाईचे दावे ऐकणारे ‘आयुक्त’ जाऊन ‘सक्षम प्राधिकारी’ आले आणि कलमांचे क्रमांक बदलले. या लेखातली कलमं आणि आकडे १९२३ च्या कायद्यातले आहेत. तुमचा अपघात नव्या तारखेनंतरचा असेल तर अर्जात कलमं संहितेची घाला.

वाहन अपघात असेल, म्हणजे ड्रायव्हर, क्लीनर किंवा टेम्पोवरचा हमाल जखमी झाला असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हाही एक रस्ता आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ नुसार दोन्हींपैकी एकच निवडता येतो. समोरच्या वाहनाची चूक स्पष्ट असेल तर न्यायाधिकरणात रक्कम बहुधा जास्त मिळते, कारण तिथे पगाराला कमाल मर्यादा नाही. चूक तुमच्याच ड्रायव्हरची असेल, किंवा कुणाची ते ठरतच नसेल, तर भरपाईचा कायदा बरा. हे वकिलासोबत बसून एकदाच ठरवा आणि मग मागे फिरू नका.

पायरी १: दवाखान्यातला पहिला तास

कामगारासोबत घरचं माणूस किंवा विश्वासातला सहकारी गेलाच पाहिजे. डॉक्टर विचारतात, ‘काय झालं?’ त्याचं जे उत्तर दिलं जातं, ते ‘हिस्टरी’ म्हणून नोंदवलं जातं आणि कायमचं राहतं. ‘कंपनीत, अमुक मशीनवर, अमुक वाजता’ असं स्पष्ट सांगा आणि काय लिहिलं ते वाचून बघा. कामावरची जखम आहे म्हणून एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद करायला सांगा, म्हणजे पोलिसांकडे खबर जाते. ‘एमएलसी केली तर मेडिक्लेम मिळणार नाही’ असं कोणी कानात सांगितलं, तर सांगणारा कोणाचा माणूस आहे ते आधी बघा.

चुकीची हिस्टरी आधीच लिहिली गेली असेल तर? कामगार शुद्धीवर आल्या दिवशीच डॉक्टरांना आणि दवाखान्याच्या प्रमुखांना लेखी अर्ज द्या: ‘माझ्या केस पेपरवरची माहिती मी दिलेली नाही, खरी हकीकत अशी आहे.’ दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नंतर संपूर्ण इनडोअर फाइलची प्रत मागा. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. वरच्या कामगाराचा दावा वाचला तो या फाइलमुळे. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञाने त्याला स्वतः विचारलं होतं आणि आपल्या कागदावर एक ओळ लिहिली होती: मशीनमध्ये हात, दोन तासांपूर्वी. सुपरवायझर काय सांगून गेला हे त्या डॉक्टरांना माहीतच नव्हतं.

बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, रिक्षाच्या पावत्या, सगळं एका पिशवीत टाकत जा. कलम ४(२अ) नुसार उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने भरून द्यायचा आहे. मालकाने उपचारावर केलेला खर्च पुढे भरपाईच्या रकमेतून कापता येत नाही. ‘दवाखान्यात आम्ही दोन लाख घातले, ते वजा करा’ असं जवळजवळ प्रत्येक मालक म्हणतो, म्हणून हे लक्षात ठेवा.

पायरी २: ईएसआय आहे का, हे पहिल्याच आठवड्यात तपासा

कामगार ईएसआयखाली, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखाली विमित असेल तर आयुक्तांपुढे भरपाईचा दावा चालत नाही. ईएसआय कायद्याचं कलम ५३ तो रस्ता बंद करतं. यात नेहमीच नुकसान होतं असं नाही. तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी वेतनाच्या ९० टक्के दराने पैसे मिळतात. कायमचं अपंगत्व असेल तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा लाभ मिळतो. उपचार फुकट असतात. कामावरच्या अपघाताला किती महिने वर्गणी भरली याची अट नाही. पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. मालकाने वर्गणी थकवली असेल तर महामंडळ ती मालकाकडून वसूल करून घेईल, कामगाराला त्यासाठी मागे फिरवता येत नाही.

वेतनाची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपये आहे, दिव्यांग कामगारांसाठी २५,०००. पगाराच्या चिठ्ठीवर ०.७५ टक्के कपात दिसते का बघा. दिसत असेल तर विमा क्रमांक मागा आणि नोंदणीची तारीख लिहून घ्या. अपघातानंतर घाईघाईने केलेली नोंदणी मी पाहिली आहे. त्या पानाची छापील प्रत आपल्याकडे असलेली बरी. मालकाने अपघात अहवाल स्थानिक शाखा कार्यालयात दिला नसेल तर कामगाराने स्वतः लेखी कळवावं. वैद्यकीय मंडळाची टक्केवारी पटली नाही तर अपील आहे, आणि लाभावरून वाद झाला तर कर्मचारी विमा न्यायालय आहे.

यापुढचा लेख ईएसआय नसलेल्यांसाठी आहे: छोटी वर्कशॉप, बांधकाम, ठेकेदाराकडचे हेल्पर, गोदामातले हमाल, विहिरीवर काम करणारे.

पायरी ३: नोकरी आणि पगार सिद्ध करणारं सगळं गोळा करा

‘हा आमचा माणूसच नव्हे’ हा मालकाचा पहिला बचाव. नेमणूकपत्र नसतं, पगार रोख असतो, हजेरी मुकादमाच्या वहीत. घाबरू नका. सन २००० च्या दुरुस्तीनंतर कॅज्युअल कामगारही या कायद्यात आला, त्यामुळे तो ‘कायम’ नव्हता हा मुद्दा उरत नाही. दाखवायचं एवढंच की तो त्याच्याकडे काम करत होता.

पुरावा कुठे सापडतो ते सांगतो. फोनपे-गूगल पेवर आलेली उचल. शिफ्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधले मेसेज, ‘उद्या सकाळच्या पाळीला या’ एवढाही पुरेसा असतो. गेट पास, कँटीनचं कूपन, कंपनीच्या नावाचा टी-शर्ट घातलेला दिवाळीचा फोटो. पीएफ असेल तर यूएएन पासबुक, त्यात मालकाचं नाव येतं. एकदा एका गवंड्याची नोकरी सिमेंटच्या गाडीच्या चलनावरून सिद्ध झाली, कारण माल उतरवून घेतल्याची सही त्याची होती. फोन बदलण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून घ्या. ग्रुपमधून त्याला काढून टाकणं हे मालकाचं पहिलं काम असतं.

मशीनचाही फोटो हवा. प्रेसवर दोन हातांची बटणं असतात, म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय ठोका पडू नये. काम लवकर उरकावं म्हणून त्यातलं एक बटण चिकटपट्टी लावून दाबलेलं ठेवतात किंवा पायाचा पेडल जोडतात. अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी ती चिकटपट्टी गायब होते. त्या पाळीतल्या कुणाकडे जुना फोटो असेल तर तो सोन्याच्या भावाचा.

याचं कारण असं. भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही आणि कामगाराची चूक असली तरी हक्क जात नाही. अपवाद तीनच: दारू किंवा अमली पदार्थाचा अंमल, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणं, आणि सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढणं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हे तीनही बचाव चालत नाहीत. बोटं गेली, हात गेला अशा मधल्या प्रकरणांत मात्र ‘गार्ड (मशीनवरचं संरक्षक झाकण) त्यानेच काढला’ हे हमखास येतं. सगळ्याच मशीनचे गार्ड काढलेले होते हे दाखवलं की ते ‘जाणूनबुजून’ कामगाराचं राहत नाही.

कारखान्यात गंभीर अपघात झाला की मालकाने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवायचं असतं. तिथल्या निरीक्षकाचा अहवाल माहिती अधिकारात मागा. पोलिसांत नोंद असेल तर पंचनामा आणि जबाबांच्या प्रती काढा.

कामावर जाता-येता झालेल्या अपघाताबद्दल पूर्वी फार भांडावं लागायचं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या एका रखवालदाराच्या प्रकरणात निकाल दिला. २००३ मध्ये तो पहाटे तीनच्या पाळीला निघाला होता आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात दगावला. वेळ, जागा आणि काम यांचा धागा जुळत असेल तर घर ते कामाची जागा हा प्रवासही नोकरीच्या ओघातच धरायचा, असं न्यायालयाने म्हटलं.

पायरी ४: मालकाला लेखी नोटीस

कलम १० ची नोटीस म्हणजे फार मोठा कायदेशीर दस्तऐवज नव्हे. साध्या भाषेत कामगाराचं नाव-पत्ता, अपघाताची तारीख आणि कारण एवढं लिहिलं की झालं. मालक, ठेकेदार आणि ज्यांच्या जागेत काम चालू होतं ती कंपनी, तिघांनाही पाठवा. स्पीड पोस्टाने, पोच मागवून. मजकूर असा:

‘मी आपल्याकडे पॉवर प्रेस ऑपरेटर म्हणून दरमहा १४,००० रुपये पगारावर काम करत होतो. दि. — रोजी दुसऱ्या पाळीत रात्री साडेनऊच्या सुमारास जॉब काढताना प्रेसचा ठोका पडून माझ्या उजव्या हाताची तीन बोटं तुटली. त्या वेळी अमुक आणि अमुक हजर होते. मला कायद्याप्रमाणे भरपाई, उपचाराचा खर्च आणि कामावर नसलेल्या काळाचे पैसे द्यावेत.’

पगाराचा आकडा नोटिशीत घालाच. मालकाने उत्तर दिलं नाही, किंवा उत्तरात पगाराचा आकडा नाकारला नाही, तर ते पुढे कामाला येतं. नोटीस उशिरा गेली म्हणून दावा मरत नाही. मालकाला अपघात इतर मार्गाने कळलेला होता हे दाखवता येतं. नोटीस मिळाल्यावर मालक तीन दिवसांत स्वतःच्या खर्चाने डॉक्टरकडून तपासणी करून देऊ शकतो. अशा वेळी जायला नकार देऊ नका, विनाकारण नकार दिल्यास तेवढ्या काळापुरता हक्क थांबतो. मात्र एकटे जाऊ नका.

दाव्याची मुदत अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर बसू नका.

पायरी ५: टक्केवारीचा प्रश्न

कागदांवर सगळ्यात जास्त गफलत इथे होते. सिव्हिल हॉस्पिटलमधून मिळणारं दिव्यांग प्रमाणपत्र शरीराच्या अवयवाचं अपंगत्व सांगतं. भरपाईसाठी लागते ती कमाईच्या ताकदीतली घट. दोन्ही वेगळे.

कायद्याला जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत (तक्त्यात) काही इजांचे टक्के ठरवून दिले आहेत. अंगठा गेला तर ३०. एका हाताची दोन बोटं २०, तीन बोटं ३०, चारही बोटं ५०. पूर्ण तर्जनी १४. पूर्ण हात खांद्यातून गेला तर ९०. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०. दोन्ही हात गेले तर १००. अनुसूचीत नसलेल्या इजा, म्हणजे पाठीचा मणका, डोक्याला मार, वाकडी जुळलेली हाडं, यांचा टक्का पात्र डॉक्टरने ठरवायचा. म्हणून डॉक्टरांकडे जाताना नुसते एक्स-रे घेऊन जाऊ नका, कामगार दिवसभर काय करत होता ते लिहून न्या: किती किलो उचलायचा, किती वेळ उभा असायचा, शिडीवर चढायचा का. प्रमाणपत्रात ‘कमाईच्या क्षमतेत घट’ हे शब्द आणि त्यामागचं कारण आलं पाहिजे.

अनुसूचीतला टक्का म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण आलं होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालक म्हणत होता अनुसूचीप्रमाणे टक्के द्या. न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा हे पूर्ण अपंगत्व. त्याच निकालाने दुसरीही गोष्ट पक्की केली: भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, निकालाच्या दिवशी नाही. चार न्यायाधीशांचा हा निकाल आजही वकिलाच्या पिशवीत असतो.

दगडखाणीतला सिलिकोसिस, गिरणीतला फुप्फुसाचा आजार, आवाजाने आलेला बहिरेपणा हे तिसऱ्या अनुसूचीतले व्यवसायजन्य आजार. तेही अपघातासारखेच धरले जातात.

पायरी ६: हिशेब स्वतः मांडा

सूत्र सोपं आहे. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणक, किमान १,४०,००० रुपये. मृत्यूसाठी ५० टक्के गुणिले गुणक, किमान १,२०,०००. अंत्यविधीचे किमान ५,००० वेगळे. ३ जानेवारी २०२० पासून मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० धरलं जातं. त्याआधी, ३१ मे २०१० पासून, ती मर्यादा ८,००० होती. गुणक चौथ्या अनुसूचीत आहे: २० वर्षांना २२४.००, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९.

आता आपला प्रेसवाला. वय ३०, पगार १४,०००, तीन बोटं.

१४,००० चे ६० टक्के ८,४००. गुणिले २०७.९८ म्हणजे १७,४७,०३२. त्याचे ३० टक्के म्हणजे ५,२४,११० रुपये.

मालकाच्या रजिस्टरवर हाच पगार ९,००० दाखवला होता. त्यावर हिशेब केला तर ३,३६,९२८ होतात. एका खोट्या आकड्याने १,८७,००० रुपयांवर पाणी. म्हणून फोनपेच्या नोंदींवर मी एवढा वेळ घालवतो.

१९२३ च्या कायद्यात वेतन म्हणजे नुसतं बेसिक नाही. पैशांत मोजता येण्याजोग्या सवलतीही त्यात येतात. प्रवासभत्ता आणि मालकाचा पीएफचा हिस्सा येत नाही. नव्या संहितेत व्याख्या बदलली आहे: ओव्हरटाइम, घरभाडे भत्ता वगैरे वगळले आहेत, पण वगळलेल्या बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनातच धरायचा. बेसिक मुद्दाम खाली ठेवणाऱ्यांना हा चाप आहे.

कामावर जाता येत नव्हतं त्या काळासाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के. इथे ३,५०० रुपये, जास्तीत जास्त पाच वर्षं. अपंगत्व तीन दिवसांत संपलं तर काही मिळत नाही.

भरपाई महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के सरळ व्याज. ५,२४,११० वर वर्षाला ६२,८९३. उशिराला योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दंडाची मागणी अर्जात स्पष्ट लिहा, कारण मालकाला कारणे दाखवा नोटीस दिल्याशिवाय दंड बसत नाही. हा दंड विमा कंपनी भरत नाही, मालकालाच भरावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं आहे. तडजोडीच्या वेळी मालकाच्या वकिलाला याची आठवण करून दिली की सूर बदलतो.

पायरी ७: ‘आपण आपसात मिटवू’

हा फोन येणारच. बहुतेक वेळा साहेबांचा नाही, गावाकडच्या ज्या माणसाने कामाला लावलं त्याचा. ‘पन्नास हजार देतो म्हणतायत, शिवाय बरा झाल्यावर हलकं काम.’ घरात चूल थंड असते, म्हणून पैसे घ्यावेसे वाटतात. घ्यायचे तर घ्या, पण बँकेतून घ्या आणि कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर, ‘फुल अँड फायनल’वर सही करू नका.

सही झालीच असेल तरी सगळं संपत नाही. हक्क सोडून दिल्याचा करार कलम १७ नुसार रद्दबातल आहे. तडजोड करायची तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते. नोंदवली नाही तर मालक पूर्ण रकमेला बांधील राहतो, आणि आयुक्तांनी वेगळं सांगितल्याशिवाय आधी दिलेल्या पैशांपैकी निम्म्याहून जास्त वजा करता येत नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर रक्कम आयुक्तांकडेच जमा करायची असते. तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल सोडून विधवेच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई धरले जात नाहीत.

दवाखान्याबाहेर भेटणाऱ्या ‘एजंट’बद्दलही बोललंच पाहिजे. ‘साहेब केस लढवतील, मिळालेल्या रकमेच्या तीस टक्के द्या.’ निकालाच्या रकमेत वाटा ठरवणं वकिलांच्या व्यावसायिक नियमांत बसत नाही. परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

पायरी ८: अर्ज आणि सुनावणी

महाराष्ट्रात कुठे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश आयुक्त असतात, कुठे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश. अर्ज तीन ठिकाणी करता येतो: अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो तिथे, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय असेल तिथे. चाकणला हात गमावून जो गावी परतला, त्याला तारखेसाठी पुण्याला खेपा घालायची गरज नाही.

विरुद्ध पक्ष म्हणून ठेकेदार, मूळ मालक आणि विमा कंपनी तिघांनाही जोडा. कलम १२ मुळे ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी मूळ कंपनीवरही येते. ठेकेदार पळाला तरी कंपनी जागेवरच असते. विमा पॉलिसीची प्रत हजर करण्याचा अर्ज पहिल्याच तारखेला द्या. काही पॉलिसींमध्ये व्याज वगळलेलं असतं, ते आधी कळलेलं बरं.

तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कलम २५अ सांगतं. प्रत्यक्षात वर्षं जातात. तरी अर्जात या कलमाचा उल्लेख ठेवा आणि विरुद्ध बाजूने तारीख मागितली की ते दाखवा.

उलटतपासणीची तयारी घरी करून घ्या. विचारलं जाईल: ‘तुम्ही आता काय करता?’ लाजेपोटी ‘भावाच्या दुकानात बसतो’ असं सांगून येतात आणि त्याचा अर्थ कमाई चालू आहे असा लावला जातो. खरं तेच सांगायचं, पण पूर्ण सांगायचं: बसतो, पैसे मिळत नाहीत, पोतं उचलता येत नाही. डॉक्टरांना साक्षीला आणण्याचा खर्च आणि दगदग टाळू नका. साक्षीशिवायचं प्रमाणपत्र नुसतंच नत्थी केलेलं राहतं.

हे सगळं इथेच नीट व्हायला हवं, कारण पुढचं अपील उच्च न्यायालयात आणि तेही फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर. टक्के किती, पगार किती या वस्तुस्थितीबद्दल आयुक्तांचा शब्दच सहसा शेवटचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पुन्हा बजावलं.

पायरी ९: निकालानंतर

अपिलाची मुदत ६० दिवस. मालकाला अपील करायचं तर आधी पूर्ण रक्कम आयुक्तांकडे भरून तसं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे नुसता वेळ काढणं अवघड जातं. रक्कम भरलीच नाही तर कलम ३१ खाली वसुली दाखल्याचा अर्ज करा. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांमार्फत होते. तहसील कार्यालयात दर पंधरा दिवसांनी जाऊन फाइल कोणत्या टेबलावर आहे हे विचारावं लागतं. त्याला इलाज नाही. सोबत मालकाच्या मशिनरीची, गाळ्याची, बँक खात्याची माहिती लेखी द्या, म्हणजे जप्ती कशावर आणायची हा प्रश्न उरत नाही. भरपाईच्या रकमेवर सावकाराची किंवा बँकेची जप्ती येऊ शकत नाही.

रक्कम जमा झाली की ती आपोआप खात्यात येत नाही. पैसे काढण्याचा वेगळा अर्ज, आधार, पासबुकाची प्रत आणि ओळख पटवणारा वकील लागतो. मृत्यूच्या दाव्यात आयुक्त वारसांमध्ये वाटणी करतात आणि लहान मुलांचा हिस्सा बहुधा मुदत ठेवीत टाकतात. त्या ठेवीचं व्याज दर महिन्याला आईच्या खात्यात द्यावं, अशी विनंती वाटणीच्या अर्जातच लिहून टाका. तेव्हा राहिलं तर शाळेची फी भरायला प्रत्येक वेळी नवा अर्ज आणि नवी तारीख.